आलेखाची लेखणी

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड आणि आंबिवली मागें टाकते, तेव्हां महागणपतीच्या दर्शनाला निघालेली मंडळी उतरण्याच्या तयारीला लागतात. त्यांच्या दृष्टीनें टिटवाळा हें एक क्षेत्र आहे. तेथें बिऱ्हाड करून राहिलेल्या नोकरदारांच्या दृष्टीनें तें मुंबईपासून सुमारें ६४ किलोमीटरवरचें स्थानक आहे. रेल्वेच्या नियंत्रण-कक्षांतील आलेखावर मात्र टिटवाळा म्हणजे केवळ एक आडवी रेघ असते, आणि तिला छेदून जाणाऱ्या तिरप्या रेघा म्हणजे गाड्या असतात. शास्त्रीय आलेख म्हणजे काय, आणि तो काढण्याचें साधन निवडतांना कोणता विवेक लागतो, हें समजून घ्यावयाचें तर या एका रेघेपासून आरंभ करण्यास हरकत नाहीं.

गाडी-आलेखाची रचना सोपी आहे. कागदाच्या आडव्या अंगास वेळ मांडावयाची, उभ्या अंगास स्थानकें मांडावयाचीं, आणि प्रत्येक गाडीची एक रेघ ओढावयाची. गाडी वेगानें जात असेल तर रेघ उभट होते, रेंगाळली तर कलते, आणि स्थानकांत उभी राहिली तर तितकीं मिनिटें आडवी जाते. एकाच रुळावरून एकाच दिशेनें जाणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा परस्परांस छेदूं लागल्या, तर वेगवान गाडीनें मंद गाडीस मागें टाकलें असा त्याचा अर्थ. हें स्थानकांतच घडूं शकतें. छेद दोन स्थानकांच्या मध्यें पडला, तर आलेख काढणाऱ्याची चूक झाली असली पाहिजे. वेळापत्रकाच्या चार पानांत न सांपडणारी ही चूक आलेखांत एका दृष्टिक्षेपांत सांपडते.

मुंबई ते ठाणें हा लोहमार्ग १८५३ सालीं सुरू झाला. १८५४ मध्यें तो कल्याणपर्यंत, १८५५ मध्यें टिटवाळ्यावरून वाशिंदपर्यंत आणि १८६१ मध्यें कसाऱ्यापर्यंत पोंचला. थळ घाट चढून गाडी इगतपुरीस गेली ती १८६५ मध्यें. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें एतिएन-झ्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाच्या आलेखपद्धतीवरील ग्रंथामुळें पॅरिस ते लियों या मार्गाचा गाडी-आलेख सर्वत्र प्रसिद्ध झाला. ती पद्धति मारे यांनीं इब्री या अभियंत्याच्या नांवावर दिली आहे. पुढें नियंत्रण-कक्षांतील कारभारी हातांत पेन्सिल घेऊन प्रत्येक गाडीची प्रत्यक्ष वाटचाल अशाच कागदावर उतरवीत. आतां तें काम संगणक करतो.

या आलेखांत एक बारीकसा निर्णय दडलेला असतो. शहाड ते आंबिवली किंवा आंबिवली ते टिटवाळा हें अंतर थोडें आहे. टिटवाळा ते खडवली हें त्याहून बरेंच अधिक आहे. आतां कोणी दिसावयास नीटनेटकें म्हणून सर्व स्थानकांच्या रेघा सारख्या अंतरावर ओढल्या, तर काय होईल? एकाच वेगानें जाणारी गाडी टिटवाळ्यापुढें एकाएकीं मंदावली असें दिसेल. आंकडा एकही खोटा नाहीं, रेघ एकही वांकडी नाहीं, तरी चित्र खोटें झालें. म्हणून जाणता आरेखक स्थानकांच्या रेघा खऱ्या अंतराच्या प्रमाणांत ओढतो, मग चित्र कमी सुबक दिसलें तरी चालेल. साधन सुबकतेसाठीं निवडावयाचें कीं सत्यासाठीं, हा प्रश्न येथूनच उभा राहतो.

आंकड्यांचें चित्र काढण्याची कल्पना फार जुनी नाहीं. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यानें १७८६ मध्यें व्यापाराच्या आंकड्यांचें एक पुस्तक छापलें. रेषालेख आणि स्तंभालेख हे प्रकार त्यामुळें लोकांपुढें आले. १८०१ मध्यें त्यानेंच वर्तुळाचे वांटे पाडून दाखविणारा आलेख काढला. तेव्हांपासून दीड शतकाहून अधिक काळ शास्त्रज्ञ आणि त्याचें चित्र यांच्यामध्यें एक तिसरा मनुष्य उभा असे. आरंभीं तो तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा कारागीर होता. पुढें तो शाईची लेखणी, वक्रपट्टी आणि पारदर्शक कागद घेऊन बसणारा आरेखक झाला. त्याचें कौशल्य मोठें होतें. परंतु एक बिंदु चुकला, किंवा मापनांत मागाहून सुधारणा झाली, तर सारें चित्र पुन्हां काढावें लागे. त्यामुळें चूक कळूनही जुनेंच चित्र छापावयास देण्याचा मोह होई.

अशा काळांत मुंबईच्या एका वेधशाळेनें जें केलें, त्याचें मोल ध्यानीं यावयास जवळजवळ दीडशें वर्षें जावीं लागलीं.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ मध्यें स्थापन केली, आणि १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊं लागल्या. चुंबकसूचीची स्थिति डोळ्यांनीं पाहावयाची, आंकडा वहींत लिहावयाचा, आणि वर्षाअखेर ते सर्व आंकडे ग्रंथरूपानें छापावयाचे, असा तेथील परिपाठ होता. सूची अस्वस्थ झाल्याचें दिसतांच निरीक्षक तासाची वाट न पाहतां पांच-पंधरा मिनिटांच्या अंतरानें आंकडे घेत.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडमध्यें रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचें चित्र रेखाटीत असतां त्यांस डागांच्या समूहावर अत्यंत प्रखर प्रकाश क्षणभर चमकलेला दिसला. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें. ठिकठिकाणचीं तारायंत्रें बिघडलीं, आणि एरवीं ध्रुवप्रदेशांतच दिसणारी प्रभा उष्णकटिबंधाच्या जवळपर्यंत दिसली. इंग्लंडमध्यें क्यू आणि ग्रीनिच येथें प्रकाशलेखनानें आपोआप रेघ उमटविणारीं यंत्रें होतीं. पण वादळ इतकें मोठें होतें कीं, ती रेघ कागदाच्या बाहेर निघून गेली. जेथें माथा पाहिजे होता, तेथें कोरा कागद राहिला. कुलाब्यास मात्र निरीक्षक सूचीपाशीं बसून आंकडे लिहीत होते. ते आंकडे छापले गेले आणि ग्रंथांच्या कपाटांत जाऊन पडले.

२००३ मध्यें ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लाखिना व एस. अलेक्स यांनीं या जुन्या आंकड्यांचा आलेख आपल्या निबंधांत प्रसिद्ध केला. २ सप्टेंबर १८५९ च्या त्या वक्ररेषेंत पृथ्वीच्या क्षैतिज चुंबकबलांत सुमारें १६०० नॅनोटेस्लांची घसरण दिसते. मुंबईच्या नेहमींच्या बलाच्या मानानें ती शेंकडा चारच्या घरांत जाते. ज्ञात चुंबकीय वादळांत या वादळाचें स्थान कोणतें, हें ठरवितांना जगभरचे अभ्यासक आजही या आलेखाकडे वळतात.

परंतु या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. पुढें २००६ मध्यें सिस्को आणि त्यांचे सहकारी यांनीं तेच कुलाब्याचे आंकडे घेऊन प्रत्येक तासाची सरासरी काढली. कारण ज्या मापानें वादळांची तुलना होते तें माप तासाच्या सरासरीचें आहे. तेव्हां घसरण सुमारें ८५० नॅनोटेस्ला भरली. पहिल्या आलेखांत क्षणाचें टोंक दिसतें, दुसऱ्यांत तासाचा मध्य दिसतो. आंकडे तेच, पण खोली जवळजवळ निम्मी. दोहोंपैकीं तुलनेस योग्य कोणता, यावर विद्वानांत मतभेद झाला, आणि तो होऊं शकला तो मूळ आंकडे सर्वांस उपलब्ध होते म्हणूनच. कुलाब्याच्या वेधशाळेनें आंकडे टाकून केवळ एक सुबक वक्ररेषा छापून ठेवली असती, तर तिच्यापुढें मान डोलविण्यापलीकडे कोणास कांहीं करतां आलें नसतें. आलेख पुन्हां काढतां आला पाहिजे, ही शास्त्राची पहिली अट या उदाहरणांत स्पष्ट दिसते.

त्याच वेधशाळेनें दुसरा एक धडा घालून दिला आहे. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें, तेव्हां विजेच्या प्रवाहामुळें चुंबकसूची बिघडणार हें उघड होतें. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दींत १९०४ मध्यें अलिबाग येथें नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. विजेची ट्राम १९०७ मध्यें धांवली. पण कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केलें, असें झालें नाहीं. १९०४ ते १९०६ या काळांत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेण्यांत आल्या, जुन्या आणि नव्या आंकड्यांतील फरक नीट मोजण्यांत आला, आणि मगच जुनें स्थान सोडण्यांत आलें. साधन बदलावयाचें असेल तर कांहीं काळ दोन्ही बरोबर चालवावीं, हा नियम चुंबकसूचीला जितका लागू तितकाच आलेख काढणाऱ्या आज्ञावलीलाही लागू आहे.

या वेधशाळेपासून थोड्याच अंतरावर, कुलाब्याच्या दक्षिण टोंकास, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिनें देशांत बनविलेला संगणक १९६० मध्यें कार्य करूं लागला, आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्यास जोडलेल्या किरणनलिकेच्या पडद्यावर अक्षरांप्रमाणें आलेखही उमटत. अमेरिकेंत कॅलकॉम्प कंपनीनें १९५९ मध्यें, पिंपावर कागद पुढेंमागें फिरवून पेननें रेघ ओढणारें यंत्र विक्रीस आणलें होतें. शास्त्रज्ञ आणि चित्र यांच्यामधला आरेखक आतां हळूहळू उठून गेला. त्याच्या जागीं आज्ञावली येऊन बसली.

आरेखक गेला तरी त्याचा विवेक कोणास तरी पत्करावा लागतोच. १९८६ मध्यें थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनीं ‘ग्नूप्लॉट’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. (नांवांत ग्नू असलें तरी ग्नू प्रकल्पाशीं तिचा संबंध नाहीं.) तिच्यांत चित्र हातानें ओढावयाचें नसतें; कोणता आंकडा कोठें, कोणत्या प्रमाणांत, कोणत्या रेघेनें दाखवावयाचा, हें ओळी लिहून सांगावयाचें असतें. त्या ओळी जपून ठेवल्या कीं दहा वर्षांनींही तोच आलेख पुन्हां काढतां येतो, आणि आंकडा सुधारला तर चित्र आपोआप सुधारतें. लेलंड विल्किन्सन यांनीं १९९९ मध्यें आलेखांचें व्याकरणच लिहिलें. त्यांच्या विचारावर हॅडली विकम यांनीं ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेसाठीं ‘जीजीप्लॉट’ उभारलें. ‘आर’ भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांच्या हातून निर्माण झालेली.

‘मॅटप्लॉटलिब’चा जन्म तर एका अडचणींतून झाला. जॉन हंटर हे अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूंतील विद्युल्लहरींचा अभ्यास करीत. त्यांच्या प्रयोगशाळेंत त्या लहरी पाहण्याची विकत घेतलेली आज्ञावली होती, पण तिचा परवाना एकच. तो परवाना ज्या लहानशा उपकरणांत होता, तें उपकरण हातोहात फिरवून विद्यार्थी आणि संशोधक आळीपाळीनें काम करीत. या अडचणींतून सुटण्यासाठीं हंटर यांनीं पायथॉन या भाषेंत स्वतःचें साधन रचलें, २००३ मध्यें तें सर्वांस मोकळें केलें, आणि २०१२ मध्यें त्यांचा मृत्यु झाला तरी तें वाढतच राहिलें. कुलाब्याचे जुने आंकडे नव्या आलेखाच्या रूपानें जगापुढें आले, तेंही सन २००३ च होतें. हा योगायोग खरा. पण दोहोंच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे. जें बंद कपाटांत किंवा एका परवान्यांत अडकतें, तें तपासतां येत नाहीं.

या उद्योगांत महाराष्ट्राचाही वांटा आहे. त्रिमितीय आंकड्यांचीं चित्रें काढणारी ‘मायावी’ ही मुक्त आज्ञावली प्रभु रामचंद्रन यांनीं रचिली. ते पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंत विमानविद्येचे प्राध्यापक आहेत. विमानाच्या पंखाभोंवतालचा वायुप्रवाह यासारख्या गोष्टी साध्या कागदी आलेखांत मावत नाहींत. त्यांसाठीं हें साधन देशोदेशींचे संशोधक वापरतात. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानें अशा मुक्त साधनांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहेत.

मग प्रबंध लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्यानें निवड कशी करावी? पहिली कसोटी वर आलीच आहे: आलेखाची कृति ओळींच्या रूपानें लिहून ठेवतां यावी. खिडक्या उघडून आणि बटणें दाबून काढलेलें चित्र झटपट होतें, आणि पहिल्या चांचपणीस तें पुरेसेंही असतें. पण सहा महिन्यांनीं परीक्षकानें एक बिंदु वगळावयास सांगितला, तर कोणतें बटण केव्हां दाबलें होतें तें आठवत नाहीं. दुसरी कसोटी चित्राच्या स्वरूपाची. ठिपक्यांनीं बनलेलें चित्र मोठें केलें कीं त्याच्या कडा दांतेरी होतात; रेघांच्या वर्णनानें साठविलेलें चित्र कितीही मोठें केलें तरी स्वच्छ राहतें. १९८४ मध्यें अ‍ॅडोबी कंपनीनें काढलेल्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ भाषेनें ही सोय छपाईच्या जगांत रूढ केली. तिसरी कसोटी आकाराची. मासिकाचा एक स्तंभ जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर रुंद असतो. पडद्यावर ऐसपैस दिसणारीं अक्षरें त्यांत मुंगीएवढीं होतात. म्हणून ज्या रुंदीस छापावयाचें, त्याच रुंदीस आरंभापासून आलेख काढावा.

चौथी कसोटी रंगांची, आणि तींत पुष्कळ वर्षें शास्त्रज्ञच फसत आले. इंद्रधनुष्याच्या रंगांनीं आंकड्यांचे चढउतार दाखविण्याची प्रथा फार पसरली होती. तींत पिवळा पट्टा अकारण उजळ दिसतो, आणि जेथें आंकड्यांत पायरी नाहीं तेथें डोळ्यांस पायरी भासते. शिवाय तांबडा-हिरवा भेद न कळणाऱ्या मनुष्यास अर्धें चित्र वाचतांच येत नाहीं. स्टेफान व्हान डर वाल्ट आणि नॅथॅनिअल स्मिथ यांनीं २०१५ मध्यें ‘व्हिरिडिस’ ही रंगमाला तयार केली. गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत तिची उजळी क्रमाक्रमानें वाढते, त्यामुळें काळ्या-पांढऱ्या छपाईंतही क्रम बिघडत नाहीं. २०१७ मध्यें मॅटप्लॉटलिबनें जुनी रंगमाला बाजूस सारून हीच मूळ म्हणून स्वीकारली. स्थानकांच्या रेघा सारख्या अंतरावर ओढण्यासारखाच हा प्रकार होता. सुबकपणानें सत्यावर केलेली कुरघोडी होती, आणि ती दुरुस्त झाली.

मराठी लेखकास आणखी एक कसोटी लावावी लागते. आलेखावरील नांवें देवनागरींत लिहावयाचीं असतील, तर साधनास जोडाक्षरें जुळवितां आलीं पाहिजेत. मॅटप्लॉटलिबमध्यें बराच काळ ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या मागें जाऊन पडे आणि जोडाक्षरें सुटीं होत. ‘स्थिति’ हा शब्दही धड उमटत नसे. ग्नूप्लॉटमध्यें पॅन्गो या अक्षरयोजनेच्या साहाय्यानें हीच अक्षरें नीट येतात. तेव्हां जगांत सर्वांत लोकप्रिय असलेलें साधन प्रत्येक कामास योग्य असेलच असें नाहीं. विकत मिळणाऱ्या आज्ञावलींतही उत्तम गुण आहेत, आणि जेथें संपूर्ण प्रयोगशाळा तीच वापरते तेथें एकट्यानें वेगळी वाट धरणें शहाणपणाचें नसतें. पण परवाना संपल्यावर स्वतःचाच आलेख उघडतां येईल कीं नाहीं, एवढें आधीं विचारून घ्यावें. आणि जुनें सोडून नवें घ्यावयाचें झाल्यास, कुलाबा-अलिबागप्रमाणें एकच आलेख दोन्ही साधनांनीं काढून ताडून पाहावा.

टिटवाळ्याहून रोज मुंबईस जाणारा एखादा संशोधक विद्यार्थी लोकलच्या गर्दींत उभा राहून आपल्या आलेखाचा विचार करीत असेल. त्याची गाडी त्याच वेळीं नियंत्रण-कक्षांत एक तिरपी रेघ ओढीत चाललेली असते, आणि टिटवाळ्याची आडवी रेघ मागें पडत असते. ती रेघ कागदावर खऱ्या अंतरावर ओढलेली आहे, म्हणूनच त्या तिरप्या रेघेचा उतार पाहून गाडीचा वेग सांगतां येतो. त्या विद्यार्थ्याच्या आलेखावर उद्यां असाच कोणी तरी विश्वास ठेवणार आहे. त्या अनोळखी वाचकास मूळ आंकडे हातीं लागावेत, त्यांवरून तोच आलेख पुन्हां काढतां यावा, आणि चूक असल्यास ती दाखवितां यावी, एवढी सोय जें साधन ठेवतें तें निवडावें. कुलाब्याच्या त्या निरीक्षकांपाशीं १८५९ मध्यें वही आणि दौत-लेखणीच होती, आणि ही सोय त्यांनीं ठेविली होती.